मधली तीन अक्षरं

मेडिकलच्या काउंटरवर उभं राहिलं की इंग्रजी वाचायची रीतच बदलते. एरवी आपण शब्दाचं तोंड आणि शेपूट तेवढं बघतो. मधलं डोळा आपल्या मनानं भरून घेतो. औषधांच्या नावांत घात होतो तो नेमका तिथेच.

हायड्रॅलझिन आणि हायड्रॉक्सिझिन घ्या. इंग्रजीत दोन्ही नावं अकरा अक्षरांची. पहिली चार तीच, शेवटची चार तीच. फरक मधल्या तिनांचा. पण एक औषध रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवतं, तर दुसरं खाजेवर, अंगावर उठलेल्या पित्तावर देतात आणि त्यानं झापड येते. बरं, दोन्हींच्या गोळ्या १०, २५ आणि ५० मिलिग्रॅमच्या मिळतात. म्हणजे आकड्याचाही आधार नाही.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००१मध्ये अशा जोड्यांवर एक तोड सुचवली. नाव छोट्या लिपीत, पण वेगळी असलेली अक्षरं कॅपिटलमध्ये छापायची. ‘टॉलमॅन’ म्हणतात त्या पद्धतीला. मला ती मनापासून पटते, कारण घसरत चाललेली नजर ती बरोबर मधे अडवते. कधी तेवढ्यानं भागत नाही. आम्लपित्तावरच्या लोसेकची लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सशी गल्लत होऊ लागली, तेव्हा १९९०मध्ये तिथे लोसेकचं प्रिलोसेक करावं लागलं.

आपल्याकडेही २०१६पासून नियम आहे: डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. त्यानं आमचं काम सोपं होतं, संपत नाही. कारण चिठ्ठीवर नाव असतं, आजार बहुधा नसतो.

म्हणून स्ट्रिप हातात देण्याआधी मी विचारतो, “आजी, डॉक्टरांना काय त्रास सांगितलात?” आजी बाही सरकवून खाजवलेला हात दाखवतात, किंवा म्हणतात, “बीपी वाढलंय म्हणाले.” उत्तर आणि नाव जुळलं तरच गोळी द्यायची. नाही जुळलं तर डॉक्टरांना फोन करायचा, मग मागे कितीही गर्दी असो.

दुकानात नवीन आलेल्या मुलांना मी आधी हेच शिकवतो. स्पेलिंग पाठ हवंच. पण औषध कशाचं आहे आणि समोरच्याला काय होतंय, हे दोन्ही कळल्याशिवाय चिठ्ठी वाचून झाली असं म्हणायचं नाही.