मूळ धरण्याआधी

तो स्क्रू काढायला मला पक्कडसुद्धा लागली नाही. दोन बोटांनी उलटा फिरवला आणि हातात आला. टायटॅनियमचा राखाडी, खडबडीत पृष्ठभाग बसवला त्या दिवशी होता तसाच होता. त्याला हाडाचा कणही चिकटलेला नव्हता. खुर्चीत असोद्याचे काका होते, माझ्या वडिलांचे मित्र. आयुष्यभर भरताच्या वांग्यांचं पीक घेतलेला माणूस.

तीन महिन्यांपूर्वी ते जळगावला माझ्या दवाखान्यात आले, तेव्हा वरची मागची दाढ नव्हती. भरीत खाता येई, कळण्याची भाकरी चावत नसे. नातीचं लग्न आठ आठवड्यांवर आलं होतं. "पंगतीत बसून नीट जेवता आलं पाहिजे," एवढीच त्यांची मागणी. मी लगेच हो म्हणालो: दाताच्या मुळाच्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू आणि त्यावर दात.

माझा भरवसा होता तो स्क्रूच्या पृष्ठभागावर. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट रुजलेलं आढळलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. तेव्हाचे स्क्रू नुसते कातलेले, गुळगुळीत. खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने थांबावं लागे. पुढे स्क्रूंवर बारीक कणांचा मारा करून, मग आम्लात खरवडून मायक्रोमीटरच्या मापाचे खड्डे पाडू लागले. अशा पृष्ठभागावर रक्ताची गुठळी नीट धरते, हाड घडवणाऱ्या पेशी थेट धातूवर काम सुरू करतात, आणि सहा आठवड्यांत दात बसवता येतो. मात्र त्याला अट होती, हाड चांगलं आणि माणूस निरोगी असण्याची. ती अट मी वाचली होती.

काकांचं तिथलं हाड थर्माकोलसारखं मऊ होतं. स्क्रू बसवताना टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, भरला २० न्यूटन-सेंटीमीटर. लवकर भार द्यायचा तर मी ३५ तरी धरत असे. आकडा मी स्वतःच्या हातानं कागदावर लिहिला आणि फाइल मिटली. चूक झाली ती त्या क्षणी. काकांना मधुमेह होता. "गोळी चालू आहे" एवढ्यावर मी समाधान मानलं, तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली नाही. सहाव्या आठवड्यात एक्स-रे ठीक दिसला आणि मी दात चढवला.

सुरुवातीला स्क्रू हाडात टिकतो तो नुसत्या दाबानं. पहिल्या काही आठवड्यांत ही पकड सैल होत जाते आणि नवं हाड अजून पुरतं भरलेलं नसतं. मऊ हाडात हा काळ लांबतो. तेवढ्यात चावण्याचा भार आला आणि स्क्रू १००–१५० मायक्रोमीटरहून जास्त हलत राहिला, की हाडाऐवजी तिथे तंतुमय ऊती तयार होते. मग पृष्ठभाग कितीही चांगला असो, त्याला धरायला हाडच उरत नाही.

लग्न पार पडलं. काका पंगतीत जेवले. चार आठवड्यांनी आले नि म्हणाले, "भाऊ, दात हालू राह्यला."

मी पैसे परत केले. जे हाड झिजलं, ते परत करता आलं नाही. तिथे हाडाची भर घालावी लागली, जखमा पुन्हा सोसाव्या लागल्या त्या सत्तरीच्या माणसाला. आधी साखर आटोक्यात आणली. दुसरा स्क्रूही तसाच खडबडीत पृष्ठभागाचा होता. या वेळी सहा महिने थांबलो. तो टिकला.

पहिला स्क्रू निघाला त्या दिवशी मी काकांना सगळं सांगितलं होतं, कागदावरच्या त्या आकड्यासह. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "रोप लावलं का आम्ही लगेच वांगं तोडाले जात नही, भाऊ. आधी मूळ धरू देतो."

मला हे माहीत होतं. मीही असोद्याचाच. लहानपणी वडिलांच्या मागे वाफ्यात रोपं लावली होती, आणि रुजलं का ते पाहायला एक उपटलं, तेव्हा त्यांचा मारही खाल्ला होता.