पाकिटावर नुसतं ‘बांबू’ लिहू नका

पावसाळा सरल्यावर कळकाच्या बेटात पडून राहिलेलं कांडं उचललं की सालीवर काळे, लांबट फोड दिसतात; कांड्याच्या धाग्यांना धरून ओळीनं उठलेले. बोट फिरवलं की काजळी लागते. बहुतेक वेळा ही अपिओस्पोरा नावाची बुरशी. एवढं सांगायला हातातलं भिंग पुरतं. पण अपिओस्पोरातली नेमकी कुठली, असं कुणी विचारलं की माझी अख्खी दुपार गेलीच म्हणून समजा.

त्या काजळीतली किंचित सुईवर घेऊन पाण्याच्या थेंबात सोडायची आणि तेलाच्या भिंगाखाली धरायची. बीजाणू तपकिरी, गोल, गुळगुळीत. आता कव्हरस्लिपला सुईच्या टोकानं हलकेच डिवचलं की ते कुशीवर वळतात, आणि मघाचा गोल बीजाणू मसुराच्या दाण्यासारखा चपटा निघतो. कडेभोवती फिकी रेघ असते. ती उगवायची फट, अंकुर तिथून बाहेर पडतो. व्यास समोरून मोजायचा, जाडी बाजूनं. नवी मुलं अर्धवट कललेले बीजाणू मोजतात, मग आकड्यांचा नुसता गोंधळ.

एम. बी. एलिस यांचं 1971 सालचं हायफोमायसिटीजवरचं पुस्तक अजून माझ्या टेबलावर असतं. त्यात साकारी ही जाती लहान बीजाणूंची आणि फिओस्पर्मम मोठ्या बीजाणूंची. पण आठ मायक्रॉनच्या आसपास दोघींची हद्द भिडते आणि नमुना नेमका तिथंच येऊन बसतो. अशा वेळी फरक शोधण्यापेक्षा कुठला फरक सोडून द्यायचा हे कळणं महत्त्वाचं. रंगाची छटा बीजाणूच्या वयावर जाते. लॅक्टोफिनॉलमध्ये मोजलेला आकडा पाण्यातल्या आकड्याशी जुळेलच असं नाही. कोवळ्या फोडातले बीजाणू लहानच असणार. भरवशाच्या खुणा उरतात त्या थोड्या.

माडाच्या कुळातल्या झाडांवर हा निवाडा कधी कधी एका थेंबावर होतो. वाळक्या देठावरच्या काळ्या उंचवट्याचा पात्यानं पातळ काप घेतला की लांबच लांब, सुईसारखे बीजाणू असलेल्या पिशव्या दिसतात. बुरशी ऑक्सिडोथिस की लिनोकार्पॉन? कापावर मेल्झरचं आयोडीन सोडायचं. पिशवीच्या टोकाशी बारीकशी कडी निळी झाली तर सहसा ऑक्सिडोथिस, रंगहीनच राहिली तर लिनोकार्पॉनकडे वळायचं. आयोडीन टाकण्याआधी पाण्यातला काप नीट पाहून चित्र काढून घ्यावं, कारण बीजाणूच्या टोकाचा चिकट थेंब नंतर हाती लागेल याची खात्री नसते.

नावांचं म्हणाल तर त्यांची फार दगदग झाली. पूर्वी एकाच बुरशीच्या लैंगिक अवस्थेला अपिओस्पोरा आणि अलैंगिक अवस्थेला आर्थ्रिनियम म्हणायची मुभा होती. 2011 च्या मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र काँग्रेसनं ‘एक बुरशी, एक नाव’ ठरवलं. 2013 मध्ये क्राउस आणि ग्रूनेवाल्ड यांनी सगळं आर्थ्रिनियमखाली आणलं. 2021 मध्ये पिंतोस आणि अल्वाराडो यांनी डीएनएच्या आधारे दोन्ही प्रजाती पुन्हा वेगळ्या केल्या: खरं आर्थ्रिनियम थंड प्रदेशातल्या, मोथ्याच्या कुळातल्या वनस्पतींवरचं, बीजाणूही वाकडेतिकडे, कोनेदार, आणि गोल, मसुरी बीजाणूंच्या आपल्या बांबूवरच्या बहुतेक जाती अपिओस्पोरात. कपाटातल्या लेबलांवर मी तीन शाईंत नावं बदलली आहेत. चिडचिड होते, पण हा शेवटचा निकाल मला पटतो, कारण तो सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतो.

कुणी म्हणेल, कुजक्या कांड्यावरच्या काजळीचं एवढं काय? उत्तर चीनमध्ये थंडीत साठवलेल्या उसावर याच गोतावळ्यातल्या बुरशा वाढल्या, त्यांनी तयार केलेलं 3-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल पोटात गेलं आणि मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली. तिथं जात कुठली हा प्रश्न हौसेचा राहत नाही.

डीएनएनं काम सोपं केलं हे खरं, पण आयटीएसचा एकच तुकडा या कुटुंबात पुरत नाही. आणखी एकदोन जनुकं वाचावी लागतात. आणि क्रम कितीही चोख असला तरी ज्या नमुन्यातून तो काढला तो जपलेला नसेल, तर पुढच्या माणसानं ताडून पाहायचं कशाशी? पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर हर्बेरियम आहे ते याचसाठी.

हर्बेरियमकडे येणाऱ्या नमुन्यांच्या पाकिटांबद्दल मात्र एक तक्रार आहे. ‘बांबू, कोकण’. बस्स. कळक काही दशकांतून एकदाच फुलतो, त्यामुळे फुलावरून ओळखायची वाट बघत बसू नका. बेटाच्या मालकाला विचारा. काटेरी कळक, भरीव मेस, बांधावरचा माणगा हे तो लांबून सांगतो. कांड्याला चिकटलेलं जुनं आवरण पाकिटात टाका. तारीख, गाव आणि झाडाचं गावातलं नाव पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीत फुटते.