मूर्ती परत येते, थर येत नाही

ग्रीक मूर्ती, चोरी, खून, पाठलाग. पुरातत्त्वावर रहस्यकादंबरी लिहायची म्हटलं की हे सामान आयतंच हाताशी येतं. माझ्या मते यात मूर्तीच सगळ्यात कमी गूढ असते. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती मिळाली, वीतभरही उंच नसलेली. ती कुणाच्या दिवाणखान्यात दिसली असती, तर आपण फार तर किंमत विचारली असती. पंचगंगेकाठी, सातवाहनकाळच्या वस्तीच्या अवशेषांत ती निघाली म्हणून खरा प्रश्न पडतो: समुद्राचा हा देव घाट चढून आला कसा? रहस्य मूर्तीत नाही, ती जिथे पडली होती त्या मातीत आहे.

यावर आक्षेप ठरलेला: करणी, ब्रश नि नोंदवही यांत थरार कुठला? पण वेग फक्त पळणाऱ्या पायांना असतो असं नाही, निष्कर्ष उलटण्यालाही असतो. १९३८ मध्ये पॉम्पेईत एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. अंगभर दागिने, दोन बाजूंना दासी आणि माथ्यातून खाली गेलेलं भोक, म्हणजे बहुधा आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय. व्हेसुव्हियसच्या सन ७९ च्या राखेनं काळाची एक बाजू पक्की केली. घडणीवरून तिचं नातं मथुरेशी जोडलं गेलं. पुढे १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा तशाच घडणीच्या मूर्तीचा तुकडा हाती आला. तेरलाही तिची बहीण शोभावी अशी मूर्ती मिळालेली होती. एका मोडक्या तुकड्यानं अख्ख्या मूर्तीचं माहेर दख्खनकडे सरकवलं. यापेक्षा मोठी कलाटणी कल्पनेनं तरी काय द्यावी?

कुणी म्हणेल, पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येची. आक्षेप वजनदार आहे. पण क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी तिन्ही लिप्या एकत्र नांदतात, आणि नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये त्याची १३,००० हून अधिक नाणी सापडली. म्हणजे खरोष्ठी अक्षरानं दख्खनचा दावा खोडला जात नाही, नुसता अडतो. कादंबरीकारानं ही अडचण लपवू नये. दोन्ही साक्षीदार खरे आणि तरी जबान्या जुळत नाहीत, हाच तर त्याचा कच्चा माल.

म्हणून अशा कादंबरीत खून व्हायचाच असेल, तर तो वस्तू नेमकी कुठून निघाली हे ठाऊक असलेल्या माणसाचा व्हावा. शेवटी चोर सापडेल, मूर्ती कपाटात परत येईल. पण तिचा पत्ता सांगणारा तोवर गेलेला असेल.