थंडी, टेकडी आणि आपण

डिसेंबर आला की पुण्यात दोन जमाती ओळखू येतात. एक, कानटोपी चढवून दुधाची पिशवी आणायला निघणारी. दुसरी, त्याच थंडीत शॉर्ट्‌स घालून टेकडीच्या पायथ्याशी हात चोळत उभी राहणारी. गेली काही वर्षं मी पहिल्या जमातीत मस्त सेटल झाले होते. या हिवाळ्यात मात्र पक्ष बदलला.

निमित्त होतं मुंबई मॅरेथॉन. जानेवारीत तिथली हाफ पळायचं ठरवलं आणि पळणाऱ्या प्रत्येकाने एकच नाव घेऊन घाबरवलं, पेडर रोड! पाय थकलेले असताना येणारी ती चढण भल्याभल्यांना चालायला लावते म्हणे. सपाट रस्त्यावर तिची तयारी होणार कशी? पण आपल्या शहराच्या पोटातच टेकड्या आहेत की!

खरं तर टेकडी मला नवी नाही. शाळेत असताना रविवारी बाबांबरोबर हनुमान टेकडी पळत चढायची आणि वर आधी पोहोचून त्यांना चिडवायचं, हा ठरलेला कार्यक्रम. मग कॉलेज आलं, डेडलाइन्स आल्या आणि पळणं उरलं ते सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलवर. समोर टीव्ही, खाली पट्टा, मध्ये लाल आकडे. पळणं सुटलं नव्हतं, त्यातली गंमत तेवढी निघून गेली होती.

आठशे मीटरचं माहेर

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, आणि वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. शहरातली ही सगळ्यात उंच जागा. लॉ कॉलेज, गोखलेनगर, पंचवटी, कोथरूड, कुठूनही शिरा, दहा मिनिटांत हॉर्नचा आवाज मागे पडतो. पायाखाली मुरूम, दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत, जुन्या खाणीत साठलेलं पाणी. नशीब असेल तर मोर. नसेल तर नुसतीच त्याची केकावली.

पहिले दोन आठवडे मात्र रोमान्स वगैरे काही नाही. धाप, पोटऱ्यांत गोळे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना उतरताना कठड्याला मिठी. उतारावर पळताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, म्हणून चढण्यापेक्षा उतरणंच जास्त दुखवतं. त्यावर उपाय एकच, हळूहळू वाढवायचं. मी आठवड्यातून एकदाच चढणीचा दिवस ठेवला. मिनिटभराची एक चढण निवडायची, जोरात वर, चालत खाली. सुरुवात चार वेळा, मग सहा, मग आठ. पावलं छोटी, हात मोकळे, नजर पायाकडे नाही तर थोडी पुढे.

यात नवं काहीच नाही. न्यूझीलंडचे कोच आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या धावपटूंना टेकड्यांवर असंच घासलं होतं. त्यांच्या पीटर स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरचं आणि १९६४ मध्ये टोकियोत ८०० आणि १५०० मीटरचं सुवर्ण नेलं. इतकं लांब कशाला, नाशिक जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातून आलेल्या आपल्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं ब्राँझ आणलंच ना!

तिसऱ्या आठवड्यात कधीतरी मी घड्याळ बघणंच विसरले. चढणीवर वेग कळत नाही, फक्त श्वास कळतो. ट्रेडमिलवर मी आकड्यांशी भांडत होते, इथे भांडायला कुणीच नव्हतं. वर पोहोचल्यावर खाली धुक्यातून इमारती डोकं वर काढताना दिसल्या आणि मी चक्क एकटीच हसले. मागून काठी टेकत आलेल्या आजोबांनी पुणेरी चौकशी केली, ''काय गं, बस चुकली का?''

''नाही आजोबा, मॅरेथॉनची तयारी.''

''मग हळू पळ. टेकडी कुठे जात नाही.''

खरंच जात नाही?

आजोबांचं वाक्य डोक्यात राहिलं, कारण ते तितकंसं खरं नाही. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालून बोगदे, असे प्रस्ताव पुण्यात पुन:पुन्हा चर्चेत येतात. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी शेकडो पुणेकर रस्त्यावर उतरले होते. ट्रॅफिकमध्ये रोज तासभर अडकणाऱ्यांना रस्ता हवा असतो हेही मी समजू शकते, मीही त्यातच अडकते. पण टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी, तिथली झाडं, ते मोर आणि पहाटेची ती शांतता, हे कुठल्या फ्लायओव्हरखाली परत लावता येणार? पळायला लागल्यापासून हा प्रश्न मला पेपरातल्या बातमीसारखा वाटत नाही. घरातला वाटतो.

म्हणून सांगते, या थंडीत एकदा तरी जा. पळा, चाला, नुसते बसा. जी जागा आपण वापरतो, तिच्यासाठीच आपण बोलतो.

टेकडीवर निघण्याआधी

* पहिल्याच दिवशी वेताळ गाठू नका. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपासून किंवा तळजाईपासून सुरुवात करा.
* मुरुमावर पाय घसरतो, खाली चांगली ग्रिप असलेले शूज हवेत.
* उजाडल्यावर निघा, शक्यतो कुणाला तरी बरोबर घ्या आणि हेडफोन घरी ठेवा.
* पाणी न्या, बाटली परत आणा.
* महिन्याभराने सिंहगड. आतकरवाडीतून पायवाटेने चढा. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही तुमची वाट बघतंय. कॅलरीज मोजायच्या नाहीत, बॉस!