आरोपांची मोट

लोकमान्य टिळकांवर १९०८ साली मुंबई हायकोर्टात चाललेला राजद्रोहाचा खटला मराठी वाचकाला तोंडपाठ आहे. न्यायमूर्ती दिनशा दावर, नऊ जणांची खास ज्यूरी, एकवीस तासांहून अधिक चाललेले टिळकांचे भाषण, २२ जुलैच्या रात्री सुनावलेली शिक्षा आणि मग मंडाले. फौजदारी वकिलीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण त्या खटल्याचे कागद वाचताना मी दर वेळी पहिल्याच दिवशी अडतो. १३ जुलैला, पुराव्याला सुरुवात होण्याआधी, एक तांत्रिक वाटणारा वाद झाला आणि तो टिळक हरले. खटल्याचा निम्मा निकाल तिथेच लागला असे माझे मत आहे.

मुझफ्फरपूरचा बॉम्ब ३० एप्रिलला फुटला. त्यानंतर 'केसरी'त आलेल्या दोन लेखांवरून टिळकांवर दोन प्रकरणे दाखल झाली होती. पहिला लेख १२ मेचा 'देशाचे दुर्दैव', दुसरा ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. मॅजिस्ट्रेटने दोन्ही प्रकरणे स्वतंत्रपणे हायकोर्टाच्या सेशनकडे पाठवली होती. तिथे ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांनी ती एकत्र चालवण्याची मागणी केली. स्वतःचा बचाव स्वतःच करणाऱ्या टिळकांनी हरकत घेतली. दावरांनी ती फेटाळली आणि एकाच ज्यूरीपुढे तीन आरोप ठेवले गेले: दोन्ही लेखांबद्दल कलम १२४-अ खाली राजद्रोहाचा एकेक, आणि जूनच्या लेखाबद्दल कलम १५३-अ खाली वर्गावर्गांत वैर पसरवल्याचा आणखी एक.

आरोप तीनच का, याचे उत्तर तेव्हाच्या, म्हणजे १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. कलम २३३ने सांगितलेला नियम साधा होता. प्रत्येक वेगळ्या गुन्ह्याचा आरोप वेगळा आणि त्याचा खटलाही वेगळा. पुढची कलमे हे त्याचे अपवाद. एकाच प्रकारचे गुन्हे बारा महिन्यांच्या आत घडले असतील तर ते एकत्र चालवता येत, पण जास्तीत जास्त तीन. एकाच घटनाक्रमात घडलेले गुन्हे, किंवा दोन कलमांत बसणारे एकच कृत्य, यांनाही मुभा होती. मेच्या लेखाबद्दलही १५३-अ लावले असते तर आरोप चार झाले असते आणि तीनची मर्यादा मोडल्याचा आक्षेप उघडच आला असता.

ही मर्यादा कायद्याने उगाच घातलेली नव्हती. एका आरोपाचा पुरावा लंगडा असला तरी शेजारी दुसरा आणि तिसरा उभा केला की ऐकणाऱ्याच्या मनात 'एवढे सगळे खोटे कसे असेल?' हा प्रश्न आपोआप येतो. पुरावा वाढलेला नसतो, संशय तेवढा वाढतो. सरकार पक्षाला आरोपांची मोट का बांधावीशी वाटते ते यावरून कळेल.

आता त्या ज्यूरीकडे पाहा. नऊपैकी सात युरोपियन. मराठी लेख त्यांच्यापुढे आले ते इंग्रजी भाषांतरातून, आणि टिळकांनी सरकारी भाषांतरकाराच्या उलटतपासात शब्दन् शब्द किसून काढला. दोन लेख, दोन भाषांतरे, शिवाय हेतू दाखवण्यासाठी हजर केलेले 'केसरी'तले इतर मजकूर. भरीला टिळकांच्या घराच्या झडतीत सापडलेले एक पोस्टकार्ड, ज्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहायचे होते म्हणून ती टिपून ठेवल्याचा टिळकांचा खुलासा होता. एवढ्या ढिगातून कोणता कागद कोणत्या आरोपासाठी, हे त्या नऊ जणांनी मनात वेगळे ठेवले असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

यावर एक रास्त हरकत येते. हेतू सिद्ध करायला इतर लेख पुराव्यात घेता येतातच. मग खटले वेगळे चालवले असते तरी दुसरा लेख ज्यूरीपुढे आलाच असता ना? आला असता. पण निव्वळ हेतूचा पुरावा म्हणून. ज्यूरीला कौल द्यायचा असता तो एकाच लेखावर. आणि इथे जूनच्या लेखाचे फार मोठे नुकसान झाले. त्या लेखाच्या आदल्याच दिवशी, ८ जून १९०८ला, सरकारने दोन कायदे घाईघाईने मंजूर केले होते: एक स्फोटक द्रव्यांचा, दुसरा वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधणारा. लेखाचा रोख त्या उपायांवर होता. कलम १२४-अ ची स्पष्टीकरणेच सांगत होती की, द्वेष न चेतवता सरकारच्या उपायांवर, ते बदलून घेण्यासाठी केलेली टीका राजद्रोह ठरत नाही. म्हणजे जूनच्या लेखाला मेच्या लेखाहून वेगळा आणि माझ्या मते अधिक भक्कम बचाव होता. स्वतंत्र ज्यूरीपुढे तो लेख एकटा उभा राहिला असता तर त्या स्पष्टीकरणांवरच सगळी लढाई झाली असती. प्रत्यक्षात मेच्या लेखातला बॉम्ब जूनच्या लेखावरही येऊन पडला. तिन्ही आरोपांवर ज्यूरीचा कौल एकच: सात विरुद्ध दोन, दोषी.

शिक्षेचा हिशोब तर मला आजही बोचतो. खटला चालवताना दोन लेख एक होते. शिक्षा देताना ते पुन्हा दोन झाले. राजद्रोहाच्या प्रत्येक आरोपाला तीन वर्षे काळे पाणी, एकापाठोपाठ एक भोगायची, म्हणून सहा. तिसऱ्या आरोपाला हजार रुपये दंड. एकत्र सुनावणीचा सगळा तोटा आरोपीच्या पदरात पडला आणि तिचा जो एकमेव फायदा त्याला मिळू शकला असता, एकाच वेळी भोगायची शिक्षा, तो नाकारला गेला. १८९७च्या पहिल्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर दावरच होते, हे आठवले की जास्तच वाईट वाटते. पुढे प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्याच्या परवानगीसाठी हायकोर्टात अर्ज झाला, त्यात आरोप चुकीचे जोडल्याचा मुद्दा होता. सरन्यायाधीश बेसिल स्कॉट आणि न्यायमूर्ती बॅचलर यांनी अर्ज नामंजूर केला.

त्याच प्रिव्ही कौन्सिलने त्याआधी सातच वर्षे, १९०१ मध्ये, मद्रासच्या सुब्रमण्य अय्यर प्रकरणात याच नियमासाठी शिक्षा रद्द केली होती. दोन वर्षांच्या काळातली एकेचाळीस कृत्ये एका खटल्यात कोंबलेली होती. ही निव्वळ अनियमितता नाही, कायद्याने मनाई केलेल्या पद्धतीनेच खटला चालवला गेला, असे तिथे ठरले. आमच्या पिढीने वकिली सुरू केली तेव्हा ज्येष्ठ वकील या निकालाचा दाखला आदराने देत असत. पण १९५५च्या दुरुस्तीने त्याची धार बोथट केली. आरोप चुकीचे जोडले गेले तरी न्याय बिघडल्याचे दाखवता आले नाही, तर शिक्षा कायम राहते. आणि जोडणीमुळे न्यायाधीशाच्या मनावर काय परिणाम झाला, हे आरोपीने अपिलात कसे दाखवायचे? निकालपत्रात ते कुणी लिहून ठेवत नाही.

वेगळे खटले नेहमीच आरोपीच्या सोयीचे असतात असेही मी म्हणणार नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांवर नाशिक कटाचा खटला आणि जॅक्सनच्या खुनाला साहाय्य केल्याचा खटला असे दोन खटले ज्यूरीशिवाय, खास न्यायाधिकरणापुढे चालले. पहिल्याचा निकाल डिसेंबर १९१०, दुसऱ्याचा जानेवारी १९११. दोन खटले, दोन जन्मठेपा, मिळून पन्नास वर्षे. अलीकडे चारा घोटाळ्यात लालूप्रसाद यादव यांचे म्हणणे असे होते की, कट एकच, तेव्हा पुन्हा पुन्हा खटला नको. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. वेगवेगळ्या कोषागारांतून वेगवेगळ्या काळात उचललेल्या रकमांचे गुन्हे वेगळे, म्हणून खटलेही वेगळे.

१९७३च्या संहितेने ज्यूरी गेली. नानावटी खटल्यातल्या आठ विरुद्ध एक कौलानंतर तिच्याबद्दल हळहळणारे फारसे कुणी उरले नव्हतेच. तेव्हापासून सांगितले जाते की, न्यायाधीश प्रशिक्षित असतो, तो दहा आरोप मनात दहा खणांत ठेवू शकतो. मी कित्येक चांगल्या न्यायाधीशांपुढे उभा राहिलो आहे आणि तरीही मला हे पटत नाही. एकामागून एक पाच फिर्यादी पिंजऱ्यात येऊन तीच तक्रार सांगून गेले की सहाव्याच्या उलटतपासाच्या वेळी न्यायाधीशांची लेखणी थांबलेली असते. सहाव्याची गोष्ट खोटी असू शकते, हे त्यांच्या कानी घालायला मग दुप्पट कष्ट पडतात.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४२ने तीनची मर्यादा पाचवर नेली. चेक न वटल्याच्या प्रकरणांत ही सोय मला समजते. कर्जाच्या हप्त्यांचे बारा चेक परत आले की जुन्या हिशोबाने चार खटले, चार तारखा, तीच कागदपत्रे चारदा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यांपुरती मर्यादा सैल करायला कायदा दुरुस्त करावा असे सुचवले होते, ते योग्यच होते. तिथे वाद बहुधा कागदाचा असतो. पण फसवणूक, खंडणी, विनयभंग यांत साक्षीदाराच्या शब्दावर सगळे अवलंबून असते. तिथेही तीच पाचची मोजपट्टी लावणे मला धोक्याचे वाटते.

एक तरतूद मात्र आरोपीच्या हातात आहे आणि ती फार कमी वापरली जाते. कलम २४१च्या परंतुकानुसार आरोपीने लेखी अर्ज केला, आणि त्याचे नुकसान होणार नाही असे मॅजिस्ट्रेटला वाटले, तर वेगळे आरोप एकत्र चालवता येतात. एकत्र की वेगळे, याचा विचार करून आधी आरोपीने बोलावे, ही कल्पना मला सर्वांत न्याय्य वाटते. आमच्याकडे आरोप निश्चित करायच्या तारखेला दोषारोपाचा मसुदा वाचला जातो, आरोपी 'गुन्हा कबूल नाही' म्हणतो, सही करतो आणि पुढची तारीख पडते. आरोप जोडल्याची हरकत त्याच दिवशी, लेखी, रोजनाम्यात नोंद होईल अशी घ्यायला हवी. नंतर अपिलात तिला फारशी किंमत उरत नाही, कारण न्याय बिघडला का हे ठरवताना हरकत वेळेवर घेतली होती का, हेही पाहिले जाते. टिळकांनी ती पहिल्याच दिवशी घेतली होती.