जंजिऱ्यातलं गोडं पाणी

आम्ही तीर्थपुरीचे. गोदावरी जवळ, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन मुरूडजवळच्या राजपुरी गावी गेलो. धक्क्यावरून शिडाची होडी निघाली. जंजिरा किल्ला जवळ आला तरी दरवाजा दिसेना. अगदी समोर गेल्यावरच तो नजरेस पडला.

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, अर्थ, बेट. हबश म्हणजे आजच्या इथिओपियाकडून आलेल्या सिद्दींनी आरमाराच्या बळावर हा किल्ला राखला. १९४८ साली त्यांचं संस्थान भारतात विलीन झालं. आपल्या मराठवाड्यात १६१० साली खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबरही हबशीच, हे सांगताच मुलांचे डोळे चमकले.

कलालबांगडी तोफ पाहिली, पण आमचे पाय खिळले ते तलावापाशी. चहूकडे खारा समुद्र आणि आत बांधून जपलेलं गोडं पाणी!

धाकटीने विचारलं, "अब्बू, मग आपल्याकडं टँकर का येतो?"

आम्ही गप्प झालो. घरी परतल्यावर छताचं पावसाचं पाणी आडात सोडायला नळ बसवून घेतला. वुजू करताना तोटी बारीक ठेवा, हे आता धाकटीच आम्हाला बजावते.