पंचांचं मौन

देवपुरात आमच्या ख्रिस्ती मंडळीचा मी बरीच वर्षं पंच होतो. घरातलं भांडण कोर्टाची पायरी चढण्याआधी आमच्याकडे यायचं. १९८९ साली माझी मावसबहीण आली. नवरा मारायचा. दुसरी बाई वगैरे काही नाही, नुसता मार. मी पवित्र शास्त्र उघडलं, देवानं जोडलेलं माणसानं तोडू नये हे समजावलं आणि सहन कर म्हणालो. ती म्हणाली, "दादा, हाई मार खावानं कोठे लिखेल शे?" मला तिचाच राग आला.

ख्रिस्ती विवाहाचा कायदा शास्त्रावर उभा आहे, आयोगांनी नि अभ्यासकांनी त्याला हात लावू नये, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो. गंमत म्हणजे, तो कायदा मी वाचलाच नव्हता.

वाचला तो पाच-सहा वर्षांनी, पांझरा नदीपलीकडे एका वकील मित्राच्या टेबलावर. १८६९ चा घटस्फोट कायदा. नवऱ्यानं बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की काम झालं. बायकोला नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचंही दाखवावं लागे. नुसत्या मारासाठी फार तर वेगळं राहायची मुभा, दुसरं लग्न नाही. उलट बायकोच्या प्रियकराकडून नवऱ्याला भरपाई मागता येई, म्हैस चोरीला गेल्यासारखी! हे शास्त्रात कुठंच नाही. हे सारं विलायतेच्या १८५७ च्या कायद्यावरून उचललेलं. खुद्द इंग्लंडनं १९२३ साली व्यभिचाराच्या बाबतीत बायकोला नवऱ्याच्या बरोबरीला आणलं. साहेबानं टाकलेला जुना कोट आम्ही देवाचं वस्त्र म्हणून जपत बसलो होतो.

मला खरं लागलं ते पुढचं. हा भेद काढा, असं विधी आयोगानं १९८३ च्या अहवालात लिहून ठेवलं होतं. म्हणजे बहीण माझ्यापुढे रडली, त्याच्या सहा वर्षं आधी. सरकार हललं नाही, कारण अल्पसंख्याकांच्या व्यक्तिगत कायद्यात त्या समाजानं मागितल्याशिवाय हात घालायचा नाही, हे धोरण. आता समाज म्हणजे कोण? माझ्यासारखे पंच. आमचं गप्प बसणं दिल्लीत आमची श्रद्धा म्हणून जमेला धरलं जात होतं. अहवाल धूळ खात पडला, त्या धुळीत थोडी देवपूरचीही होती.

पुढे चर्चमधूनच मागणी झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं १९९७ साली बायकोच्या बाजूनं क्रूरता हे स्वतंत्र कारण मानलं आणि २००१ मध्ये संसदेनं कायदा बदलला. परस्पर संमतीनं सुटायची सोयही तेव्हाच आली. हिंदू शेजाऱ्यांना ती १९७६ पासून होती. ही सोय मला आजही मनातून पटत नाही. पण माझं न पटणं हे माझ्या संसारापुरतं.

बहिणीनं २००२ साली अर्ज केला आणि साक्षीला मलाच बोलावलं. तिच्या वकिलानं विचारलं, "तुमच्याकडे ती आली तेव्हा तुम्ही काय सांगितलं?"

"सहन कर म्हणालो."

टायपिस्टला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं.